खारेपाटातले डिझेल

अलिबाग-पेणच्या खारेपाटात, म्हणजे खाडीलगतच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यात, जुन्या ट्रॅक्टरच्या दुरुस्तीचा इतिहास नुसत्या शेतात शोधला तर तो अर्धाच हाती लागतो. डिझेल इंजिने बनवणारी किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ साली स्थापन झाली, तर महिंद्राची ट्रॅक्टर कंपनी १९६३ साली. स्वातंत्र्यानंतर मच्छीमार होड्यांतही डिझेल इंजिने येऊ लागली. त्यामुळे या किनाऱ्यावर, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, डिझेलची पारख बंदर आणि बांध दोन्हीकडे घडली असावी, असा माझा तर्क आहे. दोन्हीकडच्या डिझेल इंजिनात ठिणगीचा प्लग नसतो. ते चालू होईना, तर आधी फिल्टरमधले पाणी पाहायचे, मग लाइनमधली एअर काढायची: स्क्रू सैल करून, बुडबुडे थांबेपर्यंत हातपंप मारायचा. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा नोझल खराब. निळा म्हणजे ऑइल जळतेय. पावसाळ्यात उभ्या यंत्राच्या टाकीत दमट हवेचे पाणी साचते, हे होडीला लागू तसे ट्रॅक्टरलाही. होडीचे इंजिन अनेकदा समुद्राच्या पाण्याने थंड होते, ट्रॅक्टरला बहुतेकदा रेडिएटर असतो, हा आक्षेप रास्तच आहे. पण तो फरक थंडाव्यापुरता. पंप आणि नोझलची विद्या एकच, आणि बिघाड बहुधा तिथेच सापडतो.