सापशिडीतील पुसलेली अक्षरे

भांडुप पश्चिमेला, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावरील वह्या-पेन्सिलींच्या दुकानांत आजही घडीचा पुठ्ठ्याचा पट मिळतो. एका बाजूला ल्युडो, दुसऱ्या बाजूला सापशिडी. गंमत अशी की या दोन्ही बाजू मूळच्या आपल्याच. पचिशीचा ल्युडो झाला आणि ज्ञानचौपडाची, म्हणजे आपण ज्याला मोक्षपट म्हणतो त्याची, सापशिडी झाली. ही दोन्ही रूपे १८९० च्या दशकात इंग्लंडच्या बाजारात आली आणि पुढे छापील खेळ होऊन आपल्या घरी परतली. मात्र जाताना मोक्षपटावर अक्षरे होती, परतताना आकडेच उरले. मराठीच्या अभ्यासकाने या खेळण्याकडे वळावे, ते या पुसलेल्या अक्षरांसाठी.

जुना पट हा खेळता खेळता वाचायचा मजकूर होता. प्रत्येक घराला नाव असे : जन्म, माया, क्रोध, लोभ, दया, भक्ती. सद्गुणाच्या घरातून शिडी वर जाई, दुर्गुणाच्या घरातून साप खाली नेई. घरांची संख्या पंथागणिक बदलत असे. जैन पटांत ती बहुधा ८४, वैष्णव पटांत ७२. सूफी वळणाचेही पट आढळतात.

हरीश जोहारी यांनी विसाव्या शतकात पुन्हा प्रचारात आणलेला ७२ घरांचा पट नमुन्यादाखल पाहू. नऊ घरांची एक ओळ, अशा आठ ओळी. ५४ वे घर भक्तीचे आहे आणि तेथील शिडी थेट ६८ व्या घरात, म्हणजे वैकुंठात पोचते. पण ओळ जिथे वळते तिथे, भक्तीला अगदी लागून, ५५ वे घर अहंकाराचे आहे आणि तिथे साप बसला आहे. संतसाहित्य शिकवणाऱ्याला या शेजाराचे मर्म वेगळे सांगायला नको.

त्याहून विलक्षण गोष्ट पुढेच आहे. वैकुंठ हे या पटावरचे शेवटचे घर नव्हे. ते सर्वांत वरच्या ओळीत मधोमध आहे. ते चुकवून पुढे गेलेला खेळाडू सत्त्व आणि रज यांच्या वाटेने जातो आणि ७२ व्या घरातला तमोगुणाचा साप त्याला ५१ व्या घरात, पुन्हा पृथ्वीवर, आणून टाकतो. म्हणजे पुढे जाणे आणि पोचणे या दोन गोष्टी इथे एक नाहीत. आजच्या सापशिडीत शंभराचे घर कोपऱ्यात असते आणि तिथे आधी पोचेल तो पहिला. मोक्षाच्या जागी शर्यत आली, ती अशी.

हा बदल एका रात्रीत झाला नाही. सुरुवातीच्या इंग्रजी पटांवरही काटकसर, उद्योग, पश्चात्ताप अशा गुणांच्या शिड्या होत्या. भारतीय पटांत शिड्यांपेक्षा साप अधिक असत, तिकडे दोहोंची संख्या समान करण्याकडे कल झाला. पुढे १९४३ मध्ये अमेरिकेतील मिल्टन ब्रॅडली कंपनीने साप काढून त्याजागी घसरगुंड्या आणल्या.

आता आपल्याकडील एका लाडक्या समजुतीविषयी. ‘सापशिडी ज्ञानदेवांनी तयार केली’ हे विधान वर्गात कोणी ना कोणी दरवर्षी करतेच. पुण्यातील वा. ल. मंजुळ यांना रा. चिं. ढेरे यांच्या संग्रहात मोक्षपट मिळाल्याच्या वृत्ताने या समजुतीला बळ आले. परंतु पट मिळणे वेगळे आणि कर्तृत्व सिद्ध होणे वेगळे. या प्रकारचे उपलब्ध जुने पट अठराव्या शतकाच्या पलीकडे फारसे जात नाहीत. कोपनहेगन विद्यापीठात याकॉब श्मिट-मॅडसेन यांनी २०१९ मध्ये या खेळावर प्रबंध सादर केला, त्याचा विषयही अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील पश्चिम भारत हाच आहे. ज्ञानेश्वरी (शके १२१२) आणि हा पट यांच्यात शतकांचे अंतर राहते.

मग तेराव्या शतकाबद्दल काय सांगता येते? ‘लीळाचरित्रा’तील हरिपाळ जुगाराच्या नादी लागलेला आहे, हरलेले धन फेडण्यासाठी तो पत्नीकडे दागिने मागतो. गीतेच्या दहाव्या अध्यायात द्यूताची गणना भगवंतांच्या विभूतींत होते आणि ज्ञानदेवांना त्या श्लोकावरही भाष्य करावे लागले. म्हणजे त्या काळच्या मराठीला द्यूत ठाऊक होते, ते व्यसन म्हणून आणि विभूती म्हणूनही. एवढे आधाराने म्हणता येते. मोक्षपटाचा कर्ता ज्ञानदेव, हे म्हणता येत नाही.

अनामिक रचनेला थोर नाव चिकटवण्याची आपली सवय जुनी आहे. प्रक्षिप्त ओव्या-अभंगांनी ती आपल्याला पुरेशी दाखवली आहे. तिचा तोटा असा की नाव मिळताच आपण समाधान पावतो आणि मजकूर वाचायचा राहून जातो. मोक्षपट कोणी केला हे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला आम्ही आता ७२ चौकोनांचा कोरा कागद देतो आणि म्हणतो, आधी घरांची नावे लिही. भक्तीच्या शेजारी काय लिहितोस ते पाहू, कर्त्याचा शोध त्यानंतर घेऊ.