बंद खोलीतल्या संवादावरची देखरेख

समुपदेशन दोन माणसांत, बंद खोलीत चालते. शस्त्रक्रिया शिकणारा डॉक्टर वरिष्ठांच्या नजरेसमोर हात चालवतो. समुपदेशनाच्या खोलीत मात्र तिसरा माणूस आला की बोलणाऱ्याचे बोलणेच आटते. मग नवख्या समुपदेशकाने आत नेमके काय केले, हे त्याला शिकवणाऱ्याला कळावे कसे? देखरेखीचा, म्हणजे सुपरव्हिजनचा इतिहास मुख्यतः या एका प्रश्नाभोवती फिरतो.

१९०२पासून व्हिएन्नात सिग्मंड फ्रॉइड यांच्या घरी मनोविश्लेषणात रस असणाऱ्यांची बुधवारी संध्याकाळी बैठक भरे. अभ्यासक्रम असा नव्हताच. घोड्यांना घाबरणाऱ्या पाच वर्षांच्या एका मुलाची हकीकत फ्रॉइड यांनी १९०९मध्ये प्रसिद्ध केली. त्या मुलावर प्रत्यक्ष उपचार केले ते त्याच्या वडिलांनी. ते टिपणे पाठवीत आणि फ्रॉइड पुढची दिशा सुचवीत. देखरेखीचे हे अगदी सुरुवातीचे उदाहरण म्हणता येईल.

तिला रीतसर रूप आले बर्लिनमध्ये. पहिल्या महायुद्धानंतर, १९२०मध्ये, माक्स आयटिंगोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे मनोविश्लेषणाचा दवाखाना उघडला. ज्यांना फी परवडत नाही अशांनाही तेथे उपचार मिळत. रुग्ण वाढले, त्यांच्यासाठी नवे विश्लेषक घडवणे भाग पडले आणि त्यातून शिक्षणाची तीन अंगे ठरली: शिकणाऱ्याचे स्वतःचे विश्लेषण, व्याख्याने आणि ज्येष्ठांच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष काम. १९२५मध्ये आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण आयोग स्थापन झाला, आयटिंगोन त्याचे प्रमुख झाले आणि हा साचा इतर शहरांत पोहोचला. बुडापेस्टच्या मंडळींचे मत वेगळे होते. शिकाऊ विश्लेषकाची पहिली केस त्याचे स्वतःचे विश्लेषण करणाऱ्यानेच पाहावी, कारण रुग्णासमोर शिकाऊ विश्लेषकाच्या मनात काय उसळते हे त्याचे विश्लेषण करणाऱ्यालाच जास्त कळते, असे ते म्हणत. १९३३मध्ये नाझी सत्तेवर आल्यावर आयटिंगोन यांनी बर्लिन सोडले. परागंदा झालेल्या विश्लेषकांबरोबर बर्लिनची पद्धत इंग्लंड-अमेरिकेत गेली. कलकत्त्यात गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२मध्येच भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली होती. त्यांना स्वतःला मात्र देखरेख करणारा असा कोणी गुरू लाभला नव्हता.

बर्लिनच्या पद्धतीत एक मोठी उणीव होती. सारा भार शिकणाऱ्याच्या आठवणीवर आणि टिपणांवर होता. आपण काय म्हणालो यापेक्षा काय म्हणायचे होते, तेच माणसाला अधिक आठवते.

ही उणीव कार्ल रॉजर्स यांनी हेरली. १९४०च्या सुमारास ओहायो स्टेट विद्यापीठात त्यांनी समुपदेशनाच्या खोलीत मायक्रोफोन बसवला. ग्रामोफोनच्या तबकडीची एक बाजू काही मिनिटांतच भरे, म्हणून दोन यंत्रे आळीपाळीने चालवावी लागत. नंतर शिक्षक आणि विद्यार्थी यंत्राभोवती बसून संभाषण पुन्हा ऐकत. आपण अशिलाला मोकळेपणी बोलू देतो असे समजणारे समुपदेशक प्रत्यक्षात त्याला सतत वळण देत होते, हे त्यातून ऐकू आले. रॉजर्स यांच्या १९४२च्या ग्रंथात एका अशिलाबरोबरच्या आठही बैठका शब्दशः छापल्या आहेत. या व्यवसायाच्या प्रशिक्षणातला सर्वांत मोठा बदल कोणता, याचे उत्तर हे ध्वनिमुद्रणच आहे.

पुढे व्हिडिओ आला; त्याहून पुढचे पाऊल म्हणजे बैठक चालू असतानाच देखरेख. फिलाडेल्फियात साल्व्हादोर मिनुचिन आणि जे हेली यांनी एकतर्फी आरशामागे बसून, चालू बैठकीतच समुपदेशकाला फोनवरून सूचना देण्याची रीत रुळवली. १९६०च्या दशकाअखेरीस त्यांनी गरीब वस्त्यांतील, या क्षेत्रातली कोणतीही पदवी नसलेल्या माणसांनाही याच रीतीने कौटुंबिक समुपदेशक म्हणून तयार केले. देखरेख कसून असेल तर पदवीवाचूनही हे काम करता येते, हा विचार तेथे कसाला लागला.

तोच विचार गोव्यात अधिक पुढे गेला. १९९६मध्ये विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी सुरू केलेल्या 'संगत' संस्थेने स्थानिक, बिगर-व्यावसायिक समुपदेशकांना प्राथमिक आरोग्य केंद्रांत नेमले. अडचण होती ती देखरेखीचीच, कारण तज्ज्ञ मोजके आणि महागडे. म्हणून रुग्णाच्या संमतीने ध्वनिमुद्रित केलेली बैठक गटाने ऐकायची, प्रत्येकाने ठरलेल्या मोजपट्टीवर स्वतंत्र गुण द्यायचे आणि मग चर्चा करायची, अशी रीत बसवली गेली. सुरुवातीला तज्ज्ञ गट चालवीत, नंतर समुपदेशक स्वतः चालवू लागले. त्यांनी दिलेले गुण तज्ज्ञांच्या गुणांशी बऱ्यापैकी जुळतात, असे २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या चाचणीनुसार, चाचणीत सामील झाल्यावर तीन महिन्यांनी, या समुपदेशकांचे उपचार मिळालेल्या तीव्र नैराश्याच्या ६४ टक्के रुग्णांची लक्षणे ओसरली होती. केवळ नेहमीची वाढीव सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. हे सारे श्रेय एकट्या देखरेखीला देता येणार नाही, पण तिच्याविना अशा समुपदेशकांच्या हाती रुग्ण सोपवणे धोक्याचेच ठरले असते. या पद्धतीला एक ध्वनिमुद्रक, रुग्णाची संमती, ठरलेली मोजपट्टी आणि नेमाने भरणारी गटाची बैठक एवढेच लागते. समुपदेशनाचे अभ्यासक्रम चालवणाऱ्या महाराष्ट्रातील संस्थांनी ती व्याख्यानांइतकीच सक्तीची करावी.