पोर्ट टॅलबटची विझलेली भट्टी

सन २०२४ च्या सप्टेंबरच्या ३० तारखेस वेल्समधील पोर्ट टॅलबट येथील शेवटची झोतभट्टी विझविण्यांत आली. त्यापूर्वीं दहाच दिवस, ओडिशांतील कलिंगनगर येथें हिंदुस्थानांतील तोंवरची सर्वांत मोठी झोतभट्टी पेटली होती. दोहोंचा धनी एकच, टाटांची पोलाद कंपनी. ह्या दोन वार्ता शेजारीं ठेवून पाहतां आम्हांस जुन्या इतिहासाची आठवण झाल्यावांचून राहिली नाहीं.

दगडी कोळशाच्या कोकवर लोखंड गाळण्याची विद्या इंग्लंडचीच. १७०९ सालीं अब्राहाम डार्बीनें ती कोलब्रुकडेल येथें सिद्ध केली. १८५६ सालीं बेसेमरनें स्वस्त पोलादाची युक्ति जाहीर केली. आमच्या देशांतील रूळ विलायतेहून येत. टाटांनीं कारखान्यासाठीं लंडनांत भांडवल मागितलें, तें मिळालें नाहीं. मग १९०७ सालीं, स्वदेशीच्या ऐन भरांत, मुंबईस भाग विक्रीस काढले, तेव्हां तीन आठवड्यांत सुमारें ८,००० हिंदी लोकांनीं ते उचलले. टाटांनीं विलायती कसोटीचे रूळ केल्यास ते आपण खाऊन दाखवूं, असें रेल्वेचे बडे अधिकारी सर फ्रेडरिक अपकॉट म्हणाल्याचें सांगतात. १९१२ सालीं साकचीस पोलाद निघालें. रूळ खाण्याचा प्रसंग मात्र कोणीं पाहिला नाहीं! आणि २००७ सालीं त्याच कंपनीनें ६२० कोटी पौंडांस कोरस ही विलायती कंपनी विकत घेतली.

पुढें २०१९ सालीं ब्रिटननें, २०५० पर्यंत कर्बवायूचें निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचें बंधन कायद्यानें पत्करलें. पोलादाची अडचण अशी कीं, तेथें कोळसा हें नुसतें सरपण नव्हे. खनिजांतील प्राणवायु तोच हिरावून घेतो आणि कर्बवायु होऊन धुरांड्यांतून बाहेर पडतो. टनभर पोलादामागें सुमारें दोन टन. म्हणून जळण बदलून भागत नाहीं, भट्टीच बदलावी लागते. सरकारचे ५० कोटी पौंड धरून १२५ कोटींची, मोड वितळविणारी विजेची भट्टी उभारावी असें ठरलें. परंतु ती सुरू होण्यापूर्वींच जुन्या भट्ट्या गेल्या, आणि सुमारें २,८०० लोकांच्या नोकऱ्यांवर गदा आली. मधल्या काळांत पोलादाच्या लाद्या बाहेरून आणावयाच्या. त्यांचा धूर दुसऱ्या देशाच्या हिशेबीं जमा होतो. आकाश एकच असतें.

तथापि सगळा दोष ह्या वचनावर लादणें न्याय्य नाहीं. भट्ट्या जीर्ण झाल्या होत्या, कंपनी तोट्यांत होती, चीनच्या स्वस्त मालानें बाजार भरला होता, व ब्रिटनमध्यें वीज महाग होती. वचन नसतें तरी दुखणें होतेंच. आमचा आक्षेप आहे तो क्रमावर: नवें घर उभें राहण्याआधीं जुनें पाडलें. स्कंथॉर्पच्या उरलेल्या दोन भट्ट्या विझूं लागल्या, तेव्हां १२ एप्रिल २०२५ रोजीं, शनिवार असूनहि, पार्लमेंट बोलावून एका दिवसांत कायदा करावा लागला.

हिंदुस्थाननें शून्यासाठीं २०७० साल दिलें आहे. परंतु युरोपनें १ जानेवारी २०२६ पासून परक्या पोलादावरहि कर्बाचा आकार लागू केला आहे. झोतभट्टीचें अस्तर साधारण १५ ते २० वर्षें टिकतें. कलिंगनगरच्या भट्टीचें अस्तर दोनदां बदललें, तर ती २०७० सालच्या उंबरठ्यावर जळतच असेल.