ग्लेनरोवनचा वेढा आणि गावातली माणसे
ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याच्या ईशान्य भागात, मेलबर्न-सिडनी लोहमार्गावर वसलेले ग्लेनरोवन हे छोटे गाव नेड केली या दरोडेखोराच्या अखेरच्या चकमकीमुळे प्रसिद्धीस आले. १८६०च्या दशकातील जमीनविषयक कायद्यांनंतर सरकारी जमिनीचा लहान तुकडा घेऊन शेती करणारे ‘सिलेक्टर’ आणि विस्तीर्ण कुरणे ताब्यात असलेले ‘स्क्वॉटर’ यांच्यातील वैर या प्रदेशात धुमसत होते, आणि पोलिसांवर रोष असलेली अनेक गरीब कुटुंबे केलीला आपला माणूस मानत होती. ऑक्टोबर १८७८ मध्ये स्ट्रिंगीबार्क क्रीक येथे तीन पोलीस मारले गेल्यावर नेड, त्याचा भाऊ डॅन, जो बायर्न आणि स्टीव्ह हार्ट हे चौघे ‘आउटलॉ’ ठरवले गेले; म्हणजे त्यांना कायद्याचे संरक्षण उरले नाही आणि त्यांना कोणीही गोळी घालू शकत होता.

जून १८८० मध्ये टोळीने ग्लेनरोवन ताब्यात घेतले, सुमारे साठ माणसे अ‍ॅन जोन्स यांच्या खाणावळवजा मद्यगृहात ओलीस ठेवली आणि पोलिसांची खास गाडी घसरावी म्हणून गावापुढचे रूळ उखडायला लावले. हा कट उधळला तो गावातील शिक्षक थॉमस कर्नो यांनी. आजारी पत्नीचे कारण सांगून त्यांनी सुटका करून घेतली आणि लाल रुमालामागे मेणबत्ती धरून येणारे इंजिन थांबवले. मग गाडीतल्या पोलिसांनी मद्यगृहाला वेढा घातला. २८ जूनच्या पहाटे नेड बाहेरून पोलिसांवर चालून आला तो नांगराच्या लोखंडी पात्यांपासून घडवलेले, सुमारे ४४ किलो वजनाचे चिलखत घालून. पण पाय उघडे असल्याने तेथेच गोळ्या लागून तो कोसळला. पुढे पोलिसांनी मद्यगृहाला आग लावली आणि ११ नोव्हेंबर १८८० रोजी मेलबर्नच्या तुरुंगात नेडला फाशी झाली.

आज गावात येणाऱ्या पर्यटकाला शिरस्त्राण घातलेल्या नेडचा सुमारे सहा मीटर उंच पुतळा आधी दिसतो. नेडच्या धाडसाला लोककथेत स्थान मिळाले यात नवल नाही, परंतु गाडीतील माणसांचे प्राण वाचवणाऱ्या कर्नो यांना त्याच्याइतकी कीर्ती लाभली नाही, हा अन्यायच होय. अ‍ॅन जोन्स यांचे मद्यगृह तर जळालेच. शिवाय पोलिसांच्या गोळीने जखमी झालेला त्यांचा तेरा वर्षांचा मुलगा जॉन दगावला.