कापडाच्या बिजागरीची पेटी

मराठीत ‘पेटी’ म्हटले की दोन वस्तू डोळ्यांसमोर येतात. एक कपडालत्ता ठेवायची, दुसरी वाजवायची. दुसरीतही लाकडाचा डबाच असतो, पण तिच्या मागच्या बाजूस बिजागरी कापडाची असते. पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापडाने एकमेकींना चिकटवायच्या, कोपऱ्यांना मऊ चामडे लावायचे, की भाता तयार. इथे लोखंडी बिजागरी चालत नाही, तिच्या फटीतून हवा निसटते. कापड वाकते आणि फटही बुजवते. या भात्यातली हवा आतल्या दुसऱ्या भात्यात जाते. त्यावर स्प्रिंगांचा दाब असल्याने ती एकसारखी बाहेर पडते आणि पितळी जिभांना बोलते करते.

ही पेटी आपल्या मातीतली नव्हे. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबॅं यांनी 1842 मध्ये हार्मोनियमचे पेटंट घेतले. ती पायाने भाता मारायची पायपेटी होती. 1875 च्या सुमारास कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी भाता मागे नेला, तो हाताने चालू लागला आणि पेटी जमिनीवर बैठकीत आली. रेल्वे 1867 मध्येच नागपूरला पोचली होती. शेगाव त्याच मार्गावरचे स्टेशन. नाटक मंडळ्या वऱ्हाडात याच वाटेने फिरल्या, आणि संगीत नाटकात सारंगीच्या शेजारी पेटी बसली. पेटीवादनात नाव काढलेल्या गोविंदराव टेंबे यांनी उस्ताद अल्लादियाखाँ यांचे चरित्र लिहिले, हेही आपण विसरू नये.

पण पेटीवर ठपका आलाच. ती परकी आहे, तिच्यात मींड नाही, श्रुती नाहीत! 1940 मध्ये ऑल इंडिया रेडिओने तिला बंदी केली. स्वातंत्र्यानंतर नभोवाणी मंत्री बा. वि. केसकर यांच्या काळातही ती टिकली. 1971 मध्ये ती अंशतः उठली. मींडेचा आक्षेप खोटा नव्हता. गळ्यातले बारकावे पेटीला साधत नाहीत, हे पेटीवालेही मानतात. परकेपणाचा आक्षेप मात्र लोकांनी कधी मनावर घेतला नाही.

शेगावला गजानन महाराजांच्या भजनात पेटी वाजते. याच जिल्ह्यात पिंपळगाव सराईजवळ सैलानीबांबाचा दर्गा आहे. आपल्या दर्ग्यांवर कव्वाली रंगते तीही पेटीवरच. भजनाची पेटी वेगळी आणि कव्वालीची वेगळी, असे कारागीर बनवत नाही. लाकूड तेच, भाता तोच.

कोण कुठून आले, याचे दाखले आज माणसांकडे वरचेवर मागितले जातात. मराठी मुसलमानाला तर हा प्रश्न चांगलाच परिचयाचा. पेटीचा इतिहास त्याला साधे उत्तर देतो: रेडिओने एकतीस वर्षे दार बंद ठेवले, तरी गावाने तिला मंडपातून उठवले नाही. आपलेपणा सरकारी यादीवर ठरत नाही. ज्यांच्यात बसून आपण सूर धरतो, ती माणसे तो ठरवतात.