खाडीने रंगवलेला पक्षी : रोहित मुंबईच्या पूर्व उपनगरांत कसे आले?

20 मे 2024 च्या रात्री घाटकोपर पूर्वेत पंतनगर परिसरात आकाशातून मृत पक्षी कोसळले. दुबईहून उतरणाऱ्या विमानाची धडक थव्याला बसली होती. 39 रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो, मरण पावले.

या पक्ष्यांचा विषय निघाला की कोणीतरी सायबेरियाचे नाव हमखास घेतो. ते चूक आहे. भारतातील रोहितांची मुख्य वीण कच्छच्या रणात होते. तेथील विशाल वसाहत पाहण्यासाठी सलीम अली 1945 मध्ये गेले होते. मुंबईत येणारे बहुसंख्य रोहित गुजरातकडचेच.

‘रोहित’ म्हणजे तांबडा. दुसरे नाव ‘अग्निपंख’. ग्रीक मुळाच्या ‘फिनिकॉप्टेरस’ या शास्त्रीय नावाचा अर्थही लालभडक पंखांचा. उभा असताना पक्षी फिकट गुलाबी भासतो. पंख उघडले की आतला लाल रंग पेटतो. मात्र हा रंग जन्मजात नाही. पिल्लू राखाडी असते. नीलहरित शेवाळ व सूक्ष्म कवचधारी जीव यांतील रंगद्रव्ये पोटात गेल्यावर काही वर्षांनी पिसे लालसर होतात. म्हणून रोहिताचा रंग म्हणजे त्याच्या आहाराची नोंद.

आता या आहाराचा इतिहास. साष्टी बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधील ठाण्याची खाडी ही एकेकाळी कोळ्यांची आणि मुलुंड-भांडुपच्या मिठागरांची. 1960 च्या दशकापासून पूर्वेला ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा उभा राहिला. पश्चिमेला घाटकोपर, भांडुप, मुलुंड वाढत गेले आणि त्यांचे सांडपाणी खाडीत मिसळू लागले. 1973 मध्ये वाशीचा पूल झाला, 1999 मध्ये ऐरोलीचा. भराव आणि पुलांमुळे प्रवाह मंदावला, गाळ साचला, चिखलपट्ट्या रुंदावल्या. सांडपाण्यातील पोषक द्रव्यांवर शेवाळ फोफावले. साधारण 1990 च्या दशकापासून शिवडी व ठाणे खाडीत रोहित हजारोंनी दिसू लागले. पुढे हिवाळी गणनेत हा आकडा एक लाखाच्या वर गेला. ज्याला आपण निसर्गाचे वैभव म्हणतो, त्याच्या मुळाशी शहराचे सांडपाणी आहे, हे पचवायला जड जाते. पण पुरावा तिकडेच बोट दाखवतो.

त्यानंतर कायदा आला. 2015 मध्ये सुमारे 1,690 हेक्टरांचे ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य घोषित झाले, 2022 मध्ये रामसर दर्जा मिळाला. अभयारण्याची सीमा नकाशावर पक्की आहे. पक्ष्यांचे वेळापत्रक मात्र भरती-ओहोटीचे. ओहोटीला ते चिखलात चरतात. भरतीने चिखल बुडाला की नेरूळच्या पाणथळींवर विसाव्याला जातात, मग दिवस असो वा रात्र. या विसाव्याच्या जागा अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत. भराव टाकण्याचे, भरतीचे पाणी अडवण्याचे वाद तेथेच वारंवार उद्भवतात. विसाव्याची जागा गमावलेला थवा भरतीच्या वेळी दुसरीकडे वळतो, आणि खाडीच्या दोन्ही काठांना आता दूरपर्यंत इमारतीच आहेत.