परिमाणवाचक सर्वनाम की निर्धारक? : इंग्रजी व्याकरणातील एका सीमारेषेचा इतिहास

इंग्रजीतील 'ऑल', 'सम', 'ईच' हे परिमाणवाचक शब्द नामापूर्वी आले की निर्धारक आणि एकटे आले की सर्वनाम, अशी विभागणी पाठ्यपुस्तकांतून सर्रास आढळते. ती फार जुनी नाही. लिंडले मरे याच्या १७९५ च्या व्याकरणाच्या परंपरेत हे शब्द 'विशेषणात्मक सर्वनामे' या एकाच वर्गात मोडतात. निर्धारक ही संज्ञा रुळली विसाव्या शतकात. ब्लूमफील्डने १९३३ मध्ये ती वापरली तेव्हाही तिला मर्यादावाचक विशेषणांचा उपवर्ग मानले होते.

भाषेचा स्वतःचा इतिहास मात्र अधिक उद्बोधक आहे. आज 'नो' नामाशिवाय येत नाही आणि 'नन' नामापूर्वी येत नाही. मुळात हा शब्द एकच. मध्ययुगीन इंग्रजीत व्यंजनापूर्वी अंत्य 'न' गळून 'नो' होई, स्वरापूर्वी 'नन' टिके. उच्चारातला हा भेद पुढे कार्यभेद झाला. 'माय' आणि 'माइन' यांचेही असेच घडले. 'एव्हरी'ची वाट याहून निराळी. तो पूर्वी एकटाही येत असे, 'एव्हरी ऑफ देम' ही रचना कायद्याच्या दस्तऐवजांत बराच काळ तगून राहिली. आता त्याला 'वन'चा आधार लागतो. म्हणजे रूपावरून सीमारेषा दिसते ती अशा मोजक्या शब्दांत. 'सम' वा 'ईच' यांचे रूप दोन्हीकडे तेच राहते, मग वर्ग दोन कशासाठी?

हडलस्टन व पुलम यांनी २००२ च्या केंब्रिज व्याकरणात हाच आक्षेप घेतला. त्यांच्या मते 'सम' सर्वत्र एकाच वर्गाचा. एकटा आला की निर्धारकाचे आणि शीर्षपदाचे कार्य तोच एकत्र पार पाडतो. मला हे मत अधिक सयुक्तिक वाटते, जरी त्यापायी 'नन'लाही सर्वनामांतून बाहेर काढावे लागते.

आपल्याकडे पाणिनीने 'सर्वादि' गणाला सर्वनाम म्हटले ते रूपावलीवरून. पुढे नाम असो वा नसो, 'सर्व' हे सर्वनामच. इंग्रजी संज्ञेसाठी तोच शब्द योजताना हा फरक सहसा नजरेआड होतो. मराठीत तर सामान्यरूपच साक्ष देते : 'काही मुलांनी', पण 'काहींनी', 'प्रत्येक मुलाने', पण 'प्रत्येकाने'. इंग्रजीत 'एव्हरी'ला जे एकट्याने साधत नाही, ते 'प्रत्येक'ला विभक्तिप्रत्ययाच्या बळावर साधते.